मिस वर्डेलची दोन मिनिटं

मिस वर्डेलला कुणी "बिचारी" म्हणालं की माझं डोकं फिरतं. छत्तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात चारचारशे पोरांचं रांधलेली बाई ती, बिचारी कशानं? आमचं अख्खं होलिस क्रीक गाव तिच्या हातचं खाऊन वाढलंय. आमचे पाद्रीसुद्धा तिच्यापुढे आवाज चढवत नाहीत. लग्न झालेलं असो वा नसो, वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे मानानं 'मिस'च म्हणतात.

तिचा एकुलता एक मुलगा लमार. एकोणिसाव्या वर्षी मित्राला गाडीतून एका दुकानापाशी घेऊन गेला. मित्र आत गेला, गल्ल्यातले पैसे मागितले आणि दुकानदाराला गोळी घातली. लमार बाहेर गाडीत बसलेला. चोरी करायचीय हे त्याला ठाऊक होतं, ते मिस वर्डेलनं कधी लपवलं नाही. पिस्तुलाचं ठाऊक नव्हतं. पण आमच्या राज्याचा कायदा असा, की चोरीत माणूस मेला तर चोरीतले सगळेच खुनी. दोघांनाही मरेपर्यंत तुरुंग.

हा कायदा बदला म्हणून दर वर्षी राजधानीत विधेयक यायचं आणि समितीतच गाडलं जायचं. समितीपुढे कुणीही जाऊन बोलावं, पण दोनच मिनिटं. लाल दिवा लागला की गप्प बसायचं. मिस वर्डेल अकरा वर्षं जात होती. मी अर्नेस्टीन, तिची शेजारीण, गाडी माझी. वाटेत पंपावर उकडलेल्या शेंगा घ्यायच्या आणि सालं खिडकीतून टाकली म्हणून तिची बोलणी खायची, हे ठरलेलं.

तिची नजर गेलेली, म्हणून विधेयकाचा कागद मीच वाचून दाखवायची. मग ती ओव्हनचं घड्याळ लावून तालीम करायची.

"मिस वर्डेल, त्या दुकानदाराच्या बायकोचं नाव आधी घ्या."

"मला शिकवू नकोस. तिचं नाव मी रोज प्रार्थनेत घेते."

शेवटचं कलम नेहमी तारखेचं असायचं, कायदा कधीपासून लागू ते. मी वाचायला लागले की ती म्हणायची, "तारखेचं मरू दे गं, आधी पास तर होऊ दे." पुढे पुढे मी ते कलम वाचायचंच सोडून दिलं.

यंदा मार्चमध्ये ती काय बोलली म्हणता! दर वर्षी फोनमध्ये डोकं घालून बसणारा तो टकल्या सदस्यसुद्धा मान वर करून ऐकत होता. लाल दिवा लागला तरी तिला कुणी थांबवलं नाही. मे महिन्यात विधेयक पास झालं, सही झाली. चर्चच्या अंगणात मासे तळले, आम्ही म्हाताऱ्या नाचलो. मिस वर्डेलनं लमारची खोली रंगवून घेतली, नवा पलंग आणला.

आठवड्याभरानं या कायद्यासाठी झटणाऱ्या संस्थेतल्या वकील मुलीचा मला फोन आला. म्हणाली, "तुमच्या मिस वर्डेलचं मन केवढं मोठं! आपल्या मुलाला काही मिळणार नाही हे माहीत असून बोलल्या."

"काय मिळणार नाही?" मी म्हटलं.

यंदा मतं जुळवायला विधेयक मांडतानाच तडजोड झाली होती. नवा कायदा फक्त एक जुलैनंतरच्या गुन्ह्यांना लागू. मी घरातला कागद काढला. शेवटच्या कलमात स्पष्ट छापलेलं होतं. माझ्याच हातात होता तो कागद. आग लागो माझ्या डोळ्यांना!

मी जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "वाच." मी वाचलं. "परत वाच." परत वाचलं. मग हळूच म्हणाली, "अकरा वर्षं तुझ्या डोळ्यांनी बघत होते गं मी." त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

रविवारी लमारचा फोन आला. "तूच सांग त्याला," म्हणून तिनं स्पीकर लावून फोन माझ्यासमोर सरकवला. मी कशीबशी सुरुवात केली, तर लमार म्हणाला, "मिस अर्नेस्टीन, राहू द्या. मला फेब्रुवारीपासून माहितीये. कागद इथल्या वाचनालयात येतो. आम्ही शेवटचं कलम आधी वाचतो."

मिस वर्डेल ओरडली, "मग माझ्यापाशी बोलला का नाहीस, मेल्या?"

"ममा, सांगितलं असतं तर तू गेली असतीस? पुढची पोरं तरी सुटतील. माझ्यासारखी मूर्ख पोरं काय कमी आहेत?"

"मला काय करायचीयत पुढची पोरं? देव मला क्षमा करो, पण मला माझं पोर हवं होतं!"

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून असं काही मी ऐकलं नव्हतं. लमार म्हणाला, "मलाही घरी यायचं होतं, ममा." आणि अठ्ठेचाळीस वर्षांचा तो बाप्या हमसून हमसून रडायला लागला. मिस वर्डेल फोन गालाशी धरून नुसती "हो रे, हो" म्हणत राहिली.