मेनूतून गायब झालेली ओळ

हं, तर धाकटी जाऊ झेरॉक्सच्या दुकानात येऊन बसली, इथपर्यंत आलो होतो आपण. तिथूनच सगळं बिनसलं बघा. दुकान उभं केलं थोरलीनं. टायपिंग शिकली, नवऱ्याला शिकवलं, मशीनची शाई हातावर घेऊन जेवली. आणि आता गिऱ्हाईक उंबऱ्यातच विचारायचं, "धाकट्या वहिनी आहेत का?" थोरली रिकामी बसलेली असली तरी लोक धाकटीपुढे रांग लावायचे. थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड.

कुणी पेन ड्राइव्ह दिला की आधी तो तपासायचा, हा दुकानाचा नियम. माउसचं उजवं बटण दाबलं की मेनू उघडतो, त्यात 'व्हायरस तपासा' अशी ओळ. एका दुपारी धाकटी जेवायला गेली, तेवढ्यात थोरलीनं तिच्या कॉम्प्युटरवर सुरक्षेच्या सॉफ्टवेअरची सेटिंग उघडली आणि एक टिक काढून टाकली. ओळ गायब! हिशोब सरळ होता: बया येईल आपल्याकडे, म्हणेल, "ताई, जरा बघता का?"

धाकटी आली, बटण दाबलं, आणि किंचाळली, "अय्या, तपासायचं कुठं गेलं?"

झालं! फोटो स्टुडिओवाला धावला. "बंद करून चालू करा." केलं, ओळ नाही. निवृत्त मास्तर म्हणाले, "सॉफ्टवेअरची मुदत संपली असणार." मुदत बाकी होती. समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन आला, त्याच्यामागे तोंडाला फेस फासलेलं त्याचं गिऱ्हाईक. तेही मान खुपसून बघायला लागलं. सगळी गल्ली धाकटीच्या खुर्चीभोवती! थोरली दोन हातांच्या अंतरावर बसून कागद जुळवत होती. एकच गठ्ठा, पुन्हा पुन्हा. करायला गेले काय आणि झालं काय!

तेवढ्यात थोरलीचा नवरा पुढं सरसावला, धाकटीला म्हणाला, "सगळं सॉफ्टवेअरच काढून नव्यानं टाकतो. तू नको गं जिवाला लावून घेऊस." इतकं मऊ तो थोरलीशी कधी बोलला होता, तिला आठवेना. वर थोरलीकडे मान वळवून म्हणतो, "अगं, बसलीयस काय? तिला पाणी तरी दे!"

थोरली उठली. पाणी राहिलं बाजूला. नवऱ्याला कोपरानं सारलं, माउस ओढला, सेटिंग उघडली, टिक केली. ओळ जागेवर.

न्हाव्याच्या गिऱ्हाईकानं टाळीच वाजवली. धाकटी डोळे विस्फारून म्हणाली, "ताई, एवढी माणसं डोकं फोडतायत, तुम्हाला कसं हो लगेच कळलं?"

थोरलीनं पदर खोचला नि म्हणाली, "काढली मीच, मला नाही कळणार तर कुणाला? सगळ्या गल्लीला विचारलंस, तोंडाला साबण लावलेल्या माणसालासुद्धा विचारलंस. मला एकदा विचारलं असतंस, तर तेव्हाच लावून दिली असती!"