पिवळ्या दोऱ्याचा खण

सत्तार शिंप्याला मी दोरा नाकारला, हे आधीच सांगून टाकतो. मग बाकीचं ऐका.

जुन्नरच्या बाजारात माझं दोरे-बटणांचं दुकान, समोर त्याचं शिवणकाम. चाळीस वर्षं संध्याकाळचा चहा आम्ही एकत्र घेतला. रेडिमेडनं त्याचं गिऱ्हाईक पळवलं, तसा तो कुढायला लागला. म्हणून त्याच्या लेकीनं, रूहीनं, पुण्याहून एक लवचिक काठी, दोरी आणि बारा खणांची डबी पाठवली. फ्लाय फिशिंग म्हणे! गांडूळ नाही की कणीक नाही. गळावर दोरा नि पीस गुंडाळून खोटी माशी करायची आणि तिच्यानं माशाला फसवायचं. "ईदला येते, तोवर डबी भरा अब्बा," असं तिनं बजावलेलं.

पहिल्या दिवशी कुकडीच्या काठी गळ त्याच्याच टोपीत अडकला. दुसऱ्या दिवशी बाभळीत. मी काठावर बसून पोट धरून हसलो. चौथ्या खेपेला मात्र कापड झटकावं तसा त्याचा हात फिरला आणि माशी अलगद पाण्यावर बसली. साठीचा गडी जागच्या जागी नाचला राव!

मग एकदा मासा लागला. मुंगीही न मारणाऱ्या घरातला मी; तो तडफडताना बघितला आणि माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी सत्तार दुकानात आला. "शेट, पिवळं रेशीम द्या. संध्याकाळी नदीवर पिवळ्या माश्या उडतात, तसली एकच करायची राहिलीय. शेवटचा खण."

"जीव मारायला माझा दोरा मिळायचा नाय!" चार गिऱ्हाइकांसमोर ओरडलो मी. तो पायरी उतरला. चहा बंद झाला.

दोन महिने मी समोर बघितलंसुद्धा नाही. मनात होतं, ईदला शीरखुर्मा खायला जायचंच आहे, तेव्हा बोलू. ईदच्या आठ दिवस आधी सत्तार मशीनवर बसल्या बसल्या गेला.

चौथ्या दिवशी त्याच्या बायकोनं, आमिनाभाभीनं, डबी माझ्यापुढं ठेवली. अकरा खण भरलेले, एक रिकामा.

"केवलभाऊ, हात लावून बघा. टोचत न्हाई."

खरंच, एकाही गळाला टोक नव्हतं.

"तुमचं भांडण झालं, त्याच राती कात्रीला धार लावायच्या दगडावर सगळी टोकं घासली. मासा वर येतो, तोंड लावून जातो, मला तेवढं बास, म्हणायचे. बारावी माशी झाली की तुमाला दाखवणार व्हते. मी म्हटलं, दुसरीकडून आणा दोरा. तर म्हणाले, चाळीस वर्षं दुसऱ्याचा दोरा सुईत घातला न्हाई. देईल तो."

देणार होतो की रे! ईदला खिशात घालूनच येणार होतो.

मी उठून पिवळ्या रेशमाचं रीळ काढलं. त्या खणात ते बसेना. मग हातभर दोरा तोडला आणि गुंडाळून ठेवला. माशी करायला मला कुठं येतं!