खोडलेलं कलम

माझ्याकडे फौजदारी कायद्याचं एक जुनं पुस्तक आहे. वकिलांच्या ऑफिसात मी तीसेक वर्षं कारकून होते. तिथे नवी आवृत्ती आली तेव्हा जुनी रद्दीत निघाली, ती मी घरी आणली. तिच्यातल्या तीनशे बाराव्या कलमावर लाल पेन्सिलीची तिरपी रेघ आहे आणि समासात माझ्याच अक्षरात 'रद्द' लिहिलंय. हा शहाणपणा माझ्या एकटीचा.

ते कलम गर्भपाताचं, इंग्रजांच्या काळातलं. बाईचा जीव वाचवण्याचं कारण नसताना गर्भ पाडणारा गुन्हेगार, आणि स्वतःच पाडून घेतला तर ती बाईसुद्धा. पुढे एकाहत्तर साली वेगळा कायदा आला. ठरावीक मुदतीत, ठरावीक कारणांसाठी डॉक्टरने गर्भपात केला तर तो गुन्हा नाही, असं त्याने सांगितलं. ऑफिसात माझं एक काम असायचं. कायदा बदलला की दुरुस्तीच्या छापील पट्ट्या यायच्या, त्या कापून पुस्तकातल्या जुन्या मजकुरावर खळीने चिकटवायच्या. या कलमावर मात्र पट्टी नव्हती. मला वाटलं, कुणीतरी कामचुकारपणा केलाय.

"नवा कायदा आला म्हणजे जुनं कलम गेलंच ना, साहेब?" मी आमच्या वकीलसाहेबांना विचारलं.

"नाही हो बाई. नाव घेऊन रद्द केलं नाही तर ते राहतं. दोन्ही एकत्र नांदूच शकत नसतील, तरच कोर्ट जुनं गेलं असं धरतं. इथे नांदतात. नव्याने फक्त दार काढून दिलंय, भिंत तशीच आहे."

मला हे पटलं नाही. एकाच घरातली एक बाई 'ये' म्हणणार आणि दुसरी 'आलीस तर बघ' म्हणणार, मग पाहुणीने करायचं काय? पुस्तक घरी आल्यावर मी खुशाल रेघ मारून मोकळी झाले. ऑफिसच्या पुस्तकात असं करायची हिंमत नव्हती.

मी रिटायर होऊन जेसल पार्कला राहायला आले, त्यानंतर दोनेक वर्षांनी माझी भाची दारात उभी राहिली. मीरा रोडच्या शांती नगरला राहते. तिची आई, म्हणजे माझी बहीण, आता नाही. पोरीला तीन वर्षांची मुलगी, आणि नवरा हात उचलणारा. तिने मीरा रोडलाच एका लॅबमध्ये नोकरी धरली होती आणि दोन महिन्यांत मुलीला घेऊन बाहेर पडायचं ठरवलं होतं. तेवढ्यात दिवस गेल्याचं कळलं. पाळी आधीपासूनच अनियमित, त्यामुळे कळेपर्यंत सतरावा आठवडा संपत आला होता.

"मावशी, डॉक्टर म्हणतायत नवऱ्याची सही आणा. त्याला कळलं तर मी संपले गं."

मी तिला पाण्याचा ग्लास दिला आणि पुस्तक काढून ती लाल रेघ दाखवली. "हे बघ, हे कधीच गेलं. बाई सज्ञान असेल तर फक्त तिची संमती लागते. नवऱ्याचा काही संबंध नाही. तू घाबरू नकोस." पोरीचा चेहरा किती मोकळा झाला ते मला आजही दिसतं, आणि स्वतःचा राग येतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई वाईट नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. "आंटी, मला पण माहितीये सही लागत नाही," त्या म्हणाल्या. "पण उद्या तिचा नवरा पुलिसमध्ये गेला तर पुलिस पहले धारा देखेगी. जुनी गेली, तर नवीन संहितेत अठ्ठ्याऐंशी नंबरला तीच बसलीये."

नवी संहिता मी उघडूनही पाहिली नव्हती. जुन्या फौजदारी कायद्याला नाव घेऊन रद्द केलं, आणि हे कलम तेवढं नवा नंबर देऊन पुन्हा आत घेतलं! मी तिथे गप्प बसून दुसरा दवाखाना शोधायला हवा होता. पण कारकुनाची खोड जाते कुठे? "नाही म्हणताय ना, मग लेखी द्या," मी म्हणाले. त्या काहीच लिहून देईनात. मग मीच घरी जाऊन झकास अर्ज लिहिला. कलमं, पोटकलमं, सगळं जागच्या जागी. खाली नेहमीचं वाक्य: 'पंधरा दिवसांच्या आत लेखी उत्तर द्यावे.' दवाखान्यात नेऊन दिला आणि प्रतीवर पोच घेतली.

मग आम्ही वाट बघितली. तिचा रोज फोन यायचा आणि मी रोज सांगायचे, मुदत संपू दे, मग बघते त्यांच्याकडे. पंधराव्या दिवशी उत्तर आलं: वकिलांचा सल्ला घेऊन कळवतो.

तेव्हा कुठे मी आठवडे मोजायला बसले. सरकारी हॉस्पिटल गाठलं. सोनोग्राफीची तारीख मिळायला आठवडा गेला, आणि त्यांच्या मापाने वीस आठवडे उलटून तीन दिवस झाले होते. विसाच्या पुढे दोन डॉक्टरांची मान्यता लागते, तीही यादीतल्या मोजक्या कारणांसाठीच. नवऱ्याला सोडलेली बाई त्या यादीत बसवता आली असती. सोडायला निघालेली बसेना. त्याच आठवड्यात सोनोग्राफीची फाईल सासूच्या हाती लागली, आणि घरच्यांनी भाचीला नोकरी सोडायला लावली.

आता धाकटी सात महिन्यांची आहे. गोड आहे, माझ्याकडे बघून खुदकन हसते, आणि मला तिच्याकडे नीट बघवत नाही. मागच्या आठवड्यात भाची दोन्ही मुलींना घेऊन आली होती. थोरलीने माझं कपाट उपसलं, त्यात त्या अर्जाची पोच घेतलेली प्रत निघाली. भाचीने ती सावकाश वाचली, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.

"मावशी, यात लिहिलेलं सगळं बरोबर होतं ना?"

"हो."

"मग तू त्यांना पंधरा दिवस का दिलेस?"

"नोटिशीत पंधराच दिवस द्यायची पद्धत असते," मी म्हणाले.

तिने प्रत घडी करून जागेवर ठेवली, धाकटीला कडेवर घेतलं, आणि तो सहाला घरी येतो म्हणून निघाली.