साहेबांच्या सपाता

माझ्या मावशीने आयुष्यभर एकच काम केलं. माणसं राहून गेली की त्यांच्या खुणा पुसायच्या. एका मोठ्या हॉटेलात ती खोल्या आवरायची. उशीवरचा केस, आरशावरचा बोटाचा ठसा, टेबलावरचं ग्लासाचं ओलं वर्तुळ, काही म्हणजे काही मागे राहू द्यायची नाही. ती खोलीबाहेर पडली की तिथे याआधी कुणी पाऊल टाकलं असेल असं वाटायचं नाही. हॉटेलातही तिला सगळे मावशीच म्हणायचे. मी तिचा सख्खा भाचा, बाकीच्यांची ती कामापुरती मावशी.

वय झालं म्हणून हॉटेलने तिला घरी बसवलं, तेव्हा तिचे यजमान, म्हणजे माझे काका, आधीच घरी बसलेले होते. शहराची बस चालवण्यात त्यांचा जन्म गेला आणि शेवटी किडन्या निकामी झाल्या. एक दिवसाआड सरकारी दवाखान्यातल्या डायलिसिसच्या वॉर्डात जायचं, मशीनला बांधून घ्यायचं आणि पिळून काढल्यासारखं परत यायचं. तिथे पैसे पडत नसत, म्हणून काका जिवंत होते. यात मी तिखटमीठ लावत नाही.

अशात मावशीला नवं काम मिळालं. आमच्या शहरातल्या सगळ्यात श्रीमंत माणसाला सगळे नुसतं साहेब म्हणतात. त्यांचा एक बंगला नदीपलीकडे होता. नदी ओलांडली की दुसऱ्या गावाची हद्द, आणि तिथला कर नावापुरता. साहेब कागदोपत्री त्या बंगल्यात राहायचे आणि प्रत्यक्षात शहरातल्या सर्वात उंच इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर. मावशीचं काम इतकंच, की बंगला राहता दिसला पाहिजे. संध्याकाळी दिवे लावायचे, नळ सोडायचे, टूथब्रश ओला करायचा, वर्तमानपत्र चुरगळून सोफ्यावर टाकायचं. जन्मभर खुणा पुसणाऱ्या बाईला आता खुणा करायचा पगार मिळू लागला.

एवढा खटाटोप कशासाठी, तर शहराने नुकताच अतिश्रीमंतांवर जादा कर बसवला होता. त्या पैशातून दवाखाना चालायचा होता. कर आला नाही तर काही वॉर्ड बंद करावे लागतील, असं अधिकाऱ्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. या करावरून आमच्या घरात रोज खडाजंगी व्हायची. मी कराच्या बाजूने आणि काका साहेबांच्या.

"त्यांनी कमावलं, त्यांचं आहे," काका म्हणायचे. "उद्या तुझ्या खिशात कुणी हात घातला तर चालेल तुला?"

माझ्या खिशातला हात कधी बाहेरच निघालेला नाही, असं मी सांगायचो. पगार हातात पडायच्या आधी माझा कर कापलेला असतो. मला नदीपलीकडे राहायला जायची सोय नाही. काका हसायचे आणि कूस बदलायचे. फुकटच्या मशीनवर जगणाऱ्या माणसाला कोट्यधीशाची एवढी कणव का यावी, हे मला कळत नसे. खरं सांगायचं तर मला त्यांचा रागच यायचा.

मावशी या वादात पडत नसे. तिची अडचण वेगळीच होती. तिचे हात ऐकत नव्हते. वर्तमानपत्र चुरगळायची आणि पाठ फिरायच्या आत घडी घालून ठेवायची. ब्रश ओला करायची आणि सवयीने बेसिन कोरडं करून टाकायची. साहेबांचा मॅनेजर एकदा अचानक आला आणि भडकला. घर आहे की फर्निचरचं दुकान, असं म्हणाला. पुन्हा असं दिसलं तर दुसरी बाई बघू, हेही सुनावून गेला.

मग मावशीने काकांना तिकडे न्यायला सुरुवात केली. आमची खोली तीन जिने चढून. डायलिसिसनंतर ते जिने काकांच्या जिवावर यायचे. बंगल्यात सगळं तळमजल्यावर. खिडकीजवळच्या मोठ्या खुर्चीत ते दिवसभर बसायचे. फरशी गार लागते म्हणून साहेबांच्या कोऱ्या सपाता पायात घालायचे. महिने गेले तशी खुर्ची त्यांच्या अंगाप्रमाणे दबली. उशीला त्यांच्या तेलाचा डाग पडला. जन्मभर क्लच दाबून काकांचा डावा पाय जरा वाकडा पडायचा, त्यामुळे डावी सपाता आतल्या बाजूने झिजली. मॅनेजर खूश झाला. मावशीला आता काम जमायला लागलं, असं त्याला वाटलं.

मग करखात्याच्या बाई तपासणीला येणार असा निरोप आला. आदल्या दिवशी मावशी माझ्याकडे आली. काम गेलं तर काकांची औषधं आणि दवाखान्याची रिक्षा कुठून आणायची, आणि खोटं बोलावं तर दवाखान्याचं काय होईल, अशी ती कात्रीत सापडली होती. खरं ते सांगून टाक, असं मी म्हणालो. सांगायला माझं काय जात होतं!

दुसऱ्या दिवशी मावशीने बाईंना सांगितलं, साहेब इथेच असतात. बाईंनी दबलेली खुर्ची पाहिली, उशी पाहिली, सपाता उलटून त्यांची झीज पाहिली. घर वापरातलं आहे असं त्यांनी लिहून घेतलं. काका त्या वेळी माळी म्हणून बागेत उभे होते. सपाता आत ठेवाव्या लागल्या होत्या, म्हणून ओल्या गवतात अनवाणी. जाताना बाईंना त्यांनी वाकून नमस्कार केला.

साहेब सुटले म्हटल्यावर बाकीच्या धनवंतांनीही नदीपलीकडे बंगले घेतले. कर कायद्यात तसाच राहिला, फक्त तो भरायला शहरात कुणी उरलं नाही. मग डायलिसिसचा वॉर्ड बंद झाला. काकांना दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात नाव घालावं लागलं. तिथे नंबर लागेल तेव्हा लागे. बसच्या मागच्या बाकावर आडवे होऊन ते जायचे आणि कधी नुसतेच परत यायचे. थंडी संपायच्या आत ते गेले.

मावशी कामावर परतली तेव्हा मॅनेजरने तिच्या रजेचे पैसे कापले. वर म्हणाला, "मावशी, घर परत ओसाड वाटायला लागलंय. तपासणी जवळ आली. मागच्या वर्षी किती छान जमवलं होतं तुम्ही."

मावशी हो म्हणाली आणि मला मदतीला घेऊन गेली. मला वाटलं, आता मला त्या खुर्चीत बसवणार. पण तिने पदर खोचला आणि हॉटेलातल्यासारखं घर आवरायला घेतलं. उशीचा अभ्रा गरम पाण्यात घासला. खुर्चीची गादी अंगणात नेऊन इतकी झोडपली की काकांचा खळगा भरून आला. सपाता तिने पिशवीत टाकल्या तेव्हा मात्र मला राहवलं नाही. निदान या घरी नेऊ, असं म्हणालो.

"इथे ठेवल्या तर साहेब राहतात," मावशी म्हणाली, "आणि घरी नेल्या तर चोरी होते."

पिशवीला गाठ मारताना तिचा हात थांबला. काका गेले त्या दिवशीसुद्धा ती इतकी रडली नव्हती.

तपासणीला त्याच बाई आल्या. त्या चकचकीत घरात बराच वेळ इकडे तिकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी विचारलं, की इथे नक्की राहतं कोण.

"आमचे हे राहायचे," मावशी म्हणाली. "साहेब कधीच नाही."

त्याच दिवशी तिचं काम गेलं. साहेबांवर खटला उभा राहिला, तो अजून चालू आहे. वॉर्डाला अजून कुलूप आहे. कामावरून काढलेल्या बाईच्या शब्दाला काय किंमत, असं साहेबांचे वकील विचारतात. ते पहिल्या तपासणीचा सरकारी अहवाल पुढे करतात. त्यात लिहिलंय, खुर्ची दबलेली, उशीला डाग, डावी सपाता आतून झिजलेली. मावशी मागच्या बाकावर बसून ते ऐकते. काका अजून साहेबांच्याच बाजूने साक्ष देत आहेत.