पुरात गेली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही — देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा हा विषय टाळूनच बोलते. तुम्हाला सांगते आहे कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल, महाडातलेच असाल, तर... तर असू दे. आता मागे फिरायचं नाही असं ठरवून बसले आहे.

आमच्या महाडात एक वाक्य आहे, त्याच्यापुढे कुणी प्रश्न विचारत नाही. 'पुरात गेलं.' लग्नाचा अल्बम कुठे? पुरात गेला. शाळेचा दाखला? पुरात गेला. माझा नेलेला कुकर परत कधी देणार? अगं बाई, तो पण पुरातच गेला. ऐकणारा मान हलवतो, 'आमचंही गेलं' म्हणतो आणि गप्प होतो. सावित्रीचं पाणी बाजारात शिरतं ते काही आजचं नाही; घरटी काही ना काही तिनं नेलंच आहे. त्यातलं खरं किती आणि खोटं किती, कोण बघायला बसलंय? मीही त्याच वाक्याच्या आड लपले. पण लोक कुकर लपवतात. मी काय लपवलं?

सांगते. जरा दम धरा.

माझ्या सासूबाई पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या वाडीतल्या. माहेर गुराढोरांचं. लग्नात त्यांच्या वडिलांनी आंदण म्हणून गाय दिली होती, कपिली, आणि तिच्या गळ्यात स्वतःच्या हातांनी कोरलेली लाकडी घंटा. वर डोंगरात धुकं उतरलं की हाताचं बोट दिसत नाही. गुरं ओळखायची ती आवाजावरून. म्हणून प्रत्येक घराची घंटा वेगळी. सासूबाईंच्या माहेरची शिवणीच्या लाकडाची, नारळाएवढी, काठावर तीन खाचा. आवाज अगदी साधा, टोक-टोक. मला तर तो कुणीतरी दार वाजवल्यासारखा वाटायचा.

मी लग्न होऊन आले तेव्हा कपिलीला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. घंटा मात्र स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी खिळ्यावर होती. वसुबारसेला लोक गाय-वासराची पूजा करतात. आमच्या गल्लीत गाय कुठून आणायची? मग सासूबाई त्या घंटेला हळदकुंकू लावायच्या, झेंडूचं फूल खोवायच्या, तांदळाच्या भाकरीचा तुकडा तिच्यापुढे धरून 'कपिले, घे गो' म्हणायच्या. पहिल्या वर्षी मला हसू आवरेना. पुढे सवय झाली.

आणि एक सांगायला हवं. सासूबाई खोटं बोलत नाहीत. म्हणजे बोलूच शकत नाहीत. एसटीत अर्ध्या तिकिटासाठी वय थोडं वाढवून सांगा म्हटलं, तर त्यांनी भर गाडीत कंडक्टरला सांगितलं, 'माजी अजून दोन वरसं बाकी हायत.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग तो मोठा पूर आला. सकाळी सकाळी पाणी वाढायला लागलं तसं नवऱ्याने सासूबाईंना पोलादपूरला नातेवाइकांकडे पोचवलं. आम्ही दोघं समोरच्या इमारतीत वर जाऊन बसलो. पाणी उतरल्यावर घरात आलो तर कमरेएवढा चिखल. मी ब्लाउज शिवते, त्यावर माझं दोन पैशांचं सुख उभं होतं. ते शिलाई मशीन चिखलात आडवं पडलेलं. गिऱ्हाइकांची कापडं, अस्तरं, सगळा लगदा. आठ दिवस मी घमेल्यानं चिखल उपसला. हाताची सालं निघाली. आणि मागच्या दाराशी, खिळ्यावर, ती घंटा जशीच्या तशी. आत थोडा गाळ, बस. मी ती धुतली, पुसली, प्लास्टिकच्या पिंपामागे वाळत ठेवली. तोवर माझ्या मनात काही नव्हतं — हे तरी माझ्यावर विश्वास ठेवून ऐका.

नवव्या दिवशी सासूबाई परत आल्या. उंबऱ्यात उभ्या राहिल्या. माझ्याकडे पाहिलं नाही, हातांकडे नाही, मशीनकडे नाही. खिळ्याकडे पाहिलं. 'घंटा गो?'

एवढंच. 'कशी आहेस' नाही, 'जेवलीस का' नाही. घंटा.

'पुरात गेली,' मी म्हटलं.

माझं मलाच कळलं नाही कुठून आलं ते. चार हातांवर पिंपाच्या मागे घंटा वाळत होती! सासूबाई तिथेच पायरीवर बसल्या. मोठ्या आवाजाची, भांडायला उठली की गल्ली गोळा करणारी बाई ती. पदराचा बोळा करून तोंडाशी धरला. आणि मला — इथेच येऊन मी दर वेळी थांबत आले — मला बरं वाटलं. हो. गार पाणी प्यायल्यासारखं बरं वाटलं. माझं गेलंय ना, मग तुमचंही जाऊ दे. खोटं एका क्षणात तोंडातून निसटलं, ते क्षणभर बाजूला ठेवू. पण ते बरं वाटणं? ते तर पुढे कितीतरी दिवस टिकलं.

संध्याकाळपर्यंत सांगून टाकता आलं असतं. 'अहो सापडली, पिंपामागे होती!' त्या हसल्या असत्या, विषय संपला असता. मी नाही सांगितलं. घंटा पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकली. मग रोज धास्ती, वर काही काढायला कुणी चढलं तर? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी गृहस्थ जुन्या वस्तू गोळा करत गल्लीत आले. कुठल्याशा जुन्या घराचं संग्रहालय करायचं म्हणाले. कुठलं घर, कुठल्या गावी, मी विचारलंच नाही. पुण्याबिण्याकडचं असेल अशी समजूत करून घेतली. सासूबाई देवळात गेलेल्या. पिशवी दिली, त्यांच्या वहीत सही केली, दार लावून घेतलं. सुटले, असं वाटलं.

त्यानंतरच्या वसुबारसेला सासूबाईंनी रिकाम्या खिळ्याला हळदकुंकू लावलं. खिळ्याला! भाकरीचा तुकडा धरला, 'कपिले, घे गो' म्हणाल्या. तीन वर्षं मी हे पाहिलं. ती भाकरी मीच भाजून देत होते.

मागल्या उन्हाळ्यातली गोष्ट. त्या दिवशी हजार कामं काढली होती. चक्कीवर तांदूळ दळायला टाकले, सासूबाईंच्या चष्म्याची काडी बदलायला दिली, फॉल आणि दोरे येताना घेऊ म्हटलं, आणि आम्ही दोघी एसटीने वरंधला गेलो. तिथल्या ओळखीच्या शेतकऱ्याला वर्षाचा तांदूळ सांगून ठेवायचा असतो. काम दहा मिनिटांत झालं. परतीच्या गाडीला दीड तास. वेळ सासूबाईंनीच विचारून घेतली होती. ऊन मी म्हणत होतं. रस्त्याच्या वर, चाळीसेक पायऱ्या चढून एक जुनं कौलारू घर, बाहेर पाटी: वैद्यांचं घर, सर्वांना पाहायला खुलं. एकेकाळी तिथले वैद्य माणसांना आणि गुरांना दोघांनाही औषध द्यायचे म्हणे. सासूबाई म्हणाल्या, 'चल, सावलीला बसू आनि बघून पन येऊ.'

घर छान होतं. गार जमीन, खल, बत्ते, औषधांच्या बरण्या. देखरेखीला असलेल्या बाई हौसेनं एकेक दाखवत होत्या. मीही रमले होते, खोटं कशाला बोलू. त्या बाई पुढच्या खोलीत गेल्या आणि तिथून आवाज आला. टोक-टोक.

सासूबाई खांबाला हात लावून उभ्या राहिल्या. अजून काही दिसलेलंही नव्हतं — नुसता आवाज.

'कपिली,' त्या म्हणाल्या.

आढ्याला दोरीनं टांगलेली होती. खाली चिठ्ठी: वैद्यांच्या गोठ्यातील घंटा. सासूबाईंनी तिन्ही खाचांवरून बोट फिरवलं, आणि मग त्या हसल्या. पडलेल्या दातांच्या फटी दाखवत, मोकळ्या. 'माजी हाय ही! बाबानं केलेली. बघ गो सुमन, पुरानं नेली आनि हितं आनून दिली!'

त्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, 'आजी, चिठ्ठी चुकली असेल आमची. इथं बऱ्याच वस्तू लोकांनी दिल्यात. वहीत देणाऱ्याची सही असते. ते हो म्हणाले तर आम्ही परत देऊ. थांबा, वहीच बघते.'

आणि त्या टेबलाकडे वळल्या.

एक शब्द. 'मी दिली' — एवढंच म्हणायचं होतं. घंटा त्याच दिवशी घरी आली असती, चक्कीच्या पिशवीतून. समोर ती म्हातारी लेकरासारखी हसत उभी. मी काय केलं? मी त्यांचा दंड धरला. 'राहू द्या हो, एसटी जाईल आमची. चक्की पण बंद होईल.' त्यांना जवळजवळ ओढत बाहेर आणलं. गाडीला अजून तास होता. मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं.

पायऱ्यांवर त्या थांबल्या. खाली नदी दिसत होती, उन्हाळ्यातली, दगडांतून बारीक धार. घाटाकडून येणारी आणि महाडाकडे जाणारी. सासूबाई त्या धारेकडे बघत राहिल्या. मग वर, त्या घराकडे. मग परत खाली.

'सुमन,' त्या म्हणाल्या, 'पानी वर चढत नाय गो.'

डोंगरातली बाई ती, पाणी कुठून कुठे जातं हे तिला मी शिकवणार होते?

'कुणीतरी उचलून आणली असेल,' मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, 'असंल.'

बाकीची कामं आम्ही केली. तेच मला सगळ्यात भयंकर वाटतं. चक्कीवर त्यांनी नेहमीसारखी पिठी चिमटीत घेऊन पाहिली, जाड झाली म्हणून चक्कीवाल्याला झापलं. चष्मा घातला, काडी घट्ट लागते म्हणाल्या. फॉलचा रंग जमतोय का ते उजेडात धरून बघितलं. मी प्रत्येक दुकानात वाट बघत होते — आता बोलतील, आता बोलतील. संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, काय काय बघितलंत? सासूबाई म्हणाल्या, 'घर चांगलं हाय. गार हाय.'

त्या वर्षी वसुबारसेला खिळ्याला काहीच लागलं नाही. भाकरी करू का, मी विचारलं. नको म्हणाल्या.

आणि भाऊबीजेला त्यांचा धाकटा भाऊ आला. धोंडूमामा. गुडघ्यांमुळे चार-पाच वर्षं डोंगर उतरला नव्हता. घंटा गेल्याचं सासूबाईंनी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. बापाची वस्तू आपल्याकडून गेली हे भावाला कुठल्या तोंडानं सांगायचं, म्हणून. ओवाळून झालं, पाटावरून उठला, मागच्या दाराशी गेला आणि थबकला.

'बाय, बाबाची घंटा कुठं हाय? त्याच्या हातचं तेवडंच ऱ्हायलंय. जरा हातात दे.'

मी ओट्याशी उभी होते. मनात म्हटलं, आता. आता सांगतील, आणि सांगावंच. कुठे आहे ते त्यांना ठाऊक आहे, कुणी केलं ते ठाऊक आहे, समोर सख्खा भाऊ आहे. आणि ह्या बाईला खोटं बोलता येत नाही.

सासूबाईंनी निरांजनाचं ताट खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

'पुरात गेली रे, धोंडू.'

माझंच वाक्य. माझ्याच सुरात. मामानं मान हलवली. 'सगल्यांचंच गेलं गो,' म्हणाला. मग त्या मला म्हणाल्या, 'सुमन, मामाला चहा टाक.'

मी चहा टाकला.