उठून जायची मुभा

आमच्या संमेलनाला अध्यक्ष नव्हता, प्रमुख पाहुणा नव्हता, हार-शाल-नारळ नव्हतं. या गोष्टीचा मला तेव्हा इतका तोरा होता की आज आठवलं तरी कान गरम होतात. अंबाजोगाईतल्या एका कॉलेजच्या, रविवारी रिकाम्या असलेल्या चार वर्गखोल्या आम्ही मागून घेतल्या होत्या. तंत्रज्ञान आणि सामाजिक काम अशा दोन्हींत हात घातलेली पन्नास-साठ माणसं येणार होती. कार्यक्रमपत्रिका छापलेली नव्हती. ती सकाळी जमलेल्या माणसांनीच ठरवायची होती. भिंतीवर एक मोठा कोरा तक्ता, वरून खाली तास, आडव्या खोल्या. ज्याला बोलायचंय त्याने विषय चिठ्ठीवर लिहून तिथे चिकटवायचा, ज्याला ऐकायचंय त्याने त्या खोलीत जाऊन बसायचं. याला अनकॉन्फरन्स म्हणतात. पुण्यात नोकरीला असताना मी अशी आठ-दहा पाहिली होती आणि गावाकडे परत येताना हे वेड सोबत आणलं होतं.

पहिला अर्धा तास तक्त्याजवळ कुणी फिरकलंच नाही. सगळे हाताची घडी घालून उभे. आष्टीहून आलेले एक मोबाइल दुरुस्तीवाले चाचा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, उद्घाटन कवा हाय?" उद्घाटन नाहीच, असं सांगितल्यावर ते विचारात पडले. "मंग सुरू झालं हे कळंल कसं?" मी हसले. पुण्याहून आलेले माझे जुने सहकारीही हसले. खरं सांगायचं तर हा सगळा घाट थोडासा त्यांना दाखवण्यासाठीच होता. बीडसारख्या ठिकाणीही हे जमतं, आणि मी जमवलंय, हे त्यांनी बघावं अशी माझी फार इच्छा होती.

म्हणून मी आपल्याकडच्या सभांमधलं जे जे जुनाट वाटलं ते झाडून काढलं. ओळख परेडही काढली. एकेकाने उभं राहून नाव, गाव, हुद्दा सांगायचा, त्यात तास जातो आणि हुद्द्यावरून माणसं वर-खाली होतात, असं माझं म्हणणं. त्याऐवजी छातीवर एक चिकटपट्टी, तिच्यावर फक्त नाव आणि आवडीचे तीन विषय. आपल्याकडे दोन अनोळखी माणसं एसटीत शेजारी बसली तरी पहिला प्रश्न "गाव कोणतं?" हाच असतो. तो प्रश्न मी त्या दिवसापुरता पुसून टाकला. गावं फक्त नोंदणीच्या फॉर्मवर होती, आणि ते फॉर्म मी एकटीनेच वाचले होते.

आणि एक नियम मी स्वतः मोठ्या अक्षरांत लिहून दारादारावर लावला. बसलात तिथे काही मिळत नसेल तर उठा, दुसऱ्या खोलीत जा, कुणी वाईट वाटून घ्यायचं नाही. हा या पद्धतीचा जीवच आहे. आमच्या लोकांना तो मुळीच पचेना. दोन-तीन जण तर बाहेर यायच्या आधी बोलणाऱ्याला विचारत होते, "उठू का सर?" पुणेकर मात्र पाण्यातल्या माशासारखे या खोलीतून त्या खोलीत.

घाटनांदूरच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या अंगणवाडीताईंना मीच बोलावलं होतं. पन्नाशीच्या, शांत, इस्त्रीची पांढरी साडी, खांद्याला कापडी पिशवी. आल्या तशा "जय भीम मॅडम" म्हणाल्या आणि सगळ्यांत आधी तक्त्याशी जाऊन चिठ्ठी लावणाऱ्यांपैकी त्या एक. ‘तोडीला गेलेली लेकरं’ असं निळ्या पेनाने लिहिलं होतं. वेळ पहिलीच, खोली व्हरांड्याच्या टोकाची, चार नंबरची. दसरा तोंडावर आला होता. दसरा-दिवाळी झाली की त्यांच्या गावातली अर्धी घरं कारखान्यांकडे ऊसतोडीला निघणार, लहान पोरं सोबत जाणार. पोरांची वजनं नोंदवायच्या मोबाइलमधल्या सरकारी अ‍ॅपला ही पोरं मग दिसत नाहीत, एवढं मला त्यांच्याकडून फोनवर कळलं होतं. विषय उत्तम आहे, असं मी म्हणाले होते.

त्याच वेळेला तीन नंबरच्या खोलीत माझं स्वतःचं सत्र होतं, गावाचा नकाशा गावकऱ्यांनीच संगणकावर काढण्याबद्दल. चार नंबरमध्ये पंधरा-सोळा जण बसले. माझ्याकडे सात. ते सात मला बोचले, हे आता लपवून काय करू? प्रोजेक्टरची वायर शोधायच्या निमित्ताने मी बाहेर आले आणि चार नंबरच्या दारात उभी राहिले.

ताई उभ्या राहून कागदावरून वाचत होत्या. आपल्याकडे सभेत बोलायचं म्हणजे जसं सुरू करतात तसंच त्यांनी केलं होतं. महामानवांना वंदन, मग आयोजकांचे आभार, मग कॉलेजचे, मग आपल्यासारख्या साध्या बाईला इथे बोलायची संधी मिळाली त्याबद्दल पुन्हा आभार, मग गावाची माहिती. पाच मिनिटं झाली तरी लेकरं आलीच नव्हती. पहिला पुणेकर उठला. त्याच्यामागे दोघी. नियमाप्रमाणे हसून, हात जोडून, अगदी सभ्यपणे. मग एकेक करत आणखी आठ-नऊ. ताईंनी प्रत्येक वेळी कागदावरून मान वर करून बघितलं आणि पुन्हा ओळ शोधली.

शेवटच्या बाकावर सांगलीकडचे एक गुरुजी बसले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतले, पोरांना संगणक शिकवणारे, मवाळ गृहस्थ. ते जागचे हलले नव्हते. मी त्यांना खुणेने बोलावलं. दारापर्यंत आले तेव्हा कुजबुजले, "मध्येच कसं उठायचं हो?"

"अहो, नियमच आहे," मी म्हणाले. "नकाशाला माणसं कमी पडतायत. चला."

ते आले. ताईंनी तेही बघितलं, आणि त्यांना नेणारी मी होते तेही बघितलं. खोलीत तीन बाया उरल्या, तिघी त्यांच्याच बरोबर आलेल्या. माझं सत्र मात्र छान रंगलं.

संध्याकाळी सगळे गोल बसलो. दिवसभरात काय मिळालं ते ज्याने त्याने सांगायचं होतं. ताई म्हणाल्या, "सगळ्यांनी बोलू दिलं, आभार." शेवटची एसटी चुकायला नको म्हणून त्या लवकर निघाल्या. मी अहवाल लिहिला तेव्हा चार नंबरच्या पहिल्या सत्रापुढे ‘मोलाची चर्चा झाली’ असं लिहिलं. त्या खोट्या ओळीची मला लाज वाटते, पण लिहिताना वाटली नव्हती.

पुढच्या वर्षी श्रावणात दुसऱ्या संमेलनाची तयारी सुरू झाली. ताईंना फोन केला तर म्हणाल्या, यंदा जमणार न्हाई. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला चैन पडेना. एके दिवशी त्यांच्या गावाला गेले. अंगणवाडीत पोरं खिचडी खात होती. ताईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मी खोदून विचारल्यावर गेल्या वर्षीचे कागद पिशवीतून काढून माझ्या हातात ठेवले. पहिली दोन पानं आभार आणि गाव. तिसऱ्या पानावर मुद्दा होता.

दीड वर्षाची एक मुलगी होती. वजन फार कमी. त्यांनी चार महिने खटपट करून ते जरा वाढवलं होतं, आणि आता आई-बाप तिला घेऊन तोडीला निघणार होते. मुकादमाला दहा वेळा विचारून ताईंनी कारखाना कोणता, तोडकऱ्यांच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, कोणत्या गावाच्या शिवारात पडणार, सगळं काढलं होतं. त्या गावाचं नाव कागदावर होतं. खाली लिहिलं होतं: तिकडचं कुणी इथे असेल तर महिन्यातून एकदा जाऊन या मुलीचं वजन करावं व मला फोन करावा, एवढीच विनंती.

"एवढंच इचारायचं होतं मला," ताई म्हणाल्या. "न्हाई कुणी मिळालं. मंग पौषात रजा काढून मीच गेलते. दोन एसट्या बदलल्या. तर टोळी दुसरीकडं हाललेली. कुणालाच ठाव न्हाई कुठं. तशीच आले माघारी."

मुलगी समोरच बसली होती. पाडव्याच्या सुमाराला परत आली तेव्हा तिचं वजन गेली त्याहून कमी भरलं होतं. आता अडीच वर्षांची झाली, पण भिंतीला धरल्याशिवाय उभी राहत नव्हती. घास तोंडात तसाच धरून ती माझ्याकडे बघत होती.

मी त्या गावाचं नाव पुन्हा वाचलं. ते नाव मी आधीही वाचलं होतं, नोंदणीच्या फॉर्मवर, सांगलीकडच्या गुरुजींच्या नावापुढे.

घरी येऊन गुरुजींना फोन केला. उसाच्या कोप्यांबद्दल सहज विचारतेय असं भासवलं. ते म्हणाले, "आमच्या शाळेच्या मागेच पडतात की. गेल्या साली डिसेंबरपर्यंत बीडचीच टोळी होती. रोज येता-जाता दिसायची." वजनाबद्दल मी काही बोलले नाही. ते भले गृहस्थ आहेत, ऐकून त्यांची झोप उडाली असती. असं मी स्वतःला समजावलं, पण खरं कारण ते नव्हतं. त्यांना खोलीतून कुणी उठवलं ते त्यांना आठवलं असतं.

त्या दिवशी अंगणवाडीतून निघताना ताई दारापर्यंत सोडायला आल्या होत्या. मी कशीबशी म्हणाले, "ताई, चूक आमची झाली."

"तुमची कावून? माझीच," त्या म्हणाल्या. "आधी कामाचं बोलायला पायजे होतं, आभार मागून. माणसं थांबली असती. मला ती पद्धत येत न्हाई. तेवढी शिकवा मला मॅडम, मंग येते यंदा."

मी शिकवलं. त्याच आठवड्यात पुन्हा जाऊन त्यांच्या शेजारी चटईवर बसले आणि लाल पेनाने त्यांचे सगळे आभार खोडले. ‘महामानवांना वंदन’ खोडताना हात अडखळला, ते तेवढं राहू दिलं. ताई प्रत्येक ओळीला मान डोलवत "बरोबर हाय" म्हणत होत्या, एखाद्या हुशार विद्यार्थिनीसारख्या. त्यांना हवा होता तो माणूस त्यांच्याच खोलीत, शेवटच्या बाकावर बसला होता, हे सांगायला मी तीनदा तोंड उघडलं. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, "काय वो मॅडम?" मी म्हणाले, काही नाही, पुढची ओळ वाचा.