ठकूनं आणलेली पोती

कॉम्प्युटर क्लासमध्ये दोन गोष्टी रोज झाडल्या तरी साठतात. की-बोर्डातली धूळ आणि किस्से! धूळ निदान फुंकर मारली की जाते. शेवगावच्या आमच्या क्लासचे किस्से अजून जात नाहीत. चहाला चारजण जमले की कुणीतरी म्हणतंच, "ते नारळाचं सांग रे!" पण नारळाआधी अण्णा सांगायला हवेत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नुकताच बी.एस्सी. होऊन गर्जे सरांच्या क्लासमध्ये शिकवायला लागलो होतो. क्लास माडीवर आणि खाली सरांच्या थोरल्या भावाचं, म्हणजे अण्णांचं, खता-औषधांचं दुकान. फोनची लाईन दोघांत एकच! आम्ही वर इंटरनेट लावलं की खाली फोन बंद. खाली कुणी रिसीव्हर उचलला की वर आमचं कनेक्शन खलास.

जगातलं सगळं ज्ञान या तारेतून शेवगावात येणार, या विचारानं मी पेटलो होतो. अण्णांचा प्रश्न वेगळाच होता. "घंटाभर फोन धरायचा अन् बोलायचं न्हाई? मुक्यानं लावलाय का फोन?"

शेवटी त्यांनी निकाल दिला. "पाडव्यापर्यंत तुमचं ते इंटरनेट शेतकऱ्याच्या कामाचं हाय, हे दाखवा. दिवाळी झाली की लाईन खाली!"

लाईन गेली तर क्लासमध्ये नुसतं टायपिंग उरणार. मी सरांना ठणकावलं, "मग मी राहत नाही!"

सर शांतपणे म्हणाले, "जाशील रे. आधी एक पान तर उघडून दाखव."

*

तेच तर होत नव्हतं! आमच्या लाईनीत खरखर इतकी, की वेबचं पान चित्रं ओढता ओढता अर्ध्यातच मरायचं. चॅट मात्र चालायचं. दोन-दोन ओळींचे निरोप त्या खरखरीतूनही बिनचूक पोचायचे.

माझ्याबरोबर शिकवणारी विजया घोडेगावहून रोज एसटीनं यायची. माझी चिडचिड ऐकून ती डबा उघडता उघडता म्हणाली, "तू अख्खी कणगी उचलून आणायला बघतोयस. कणगी कुणी उचलतं का? पोती भर, नंबर टाक अन् एकेक आण."

मी तिचा डबा तसाच ठेवायला लावला आणि कागद पुढे ओढला!

पुण्याच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये माझा मित्र नित्या होता. तिथलं इंटरनेट दिवसभर चालू असायचं. ठरलं असं, की आम्ही चॅटवरून हव्या त्या पानाचा पत्ता पाठवायचा. नित्याच्या मशीनवरचा प्रोग्राम ते पान आणणार, त्याचे छोटे तुकडे करणार, नंबर घालणार आणि चॅटवरूनच परत धाडणार. लाईन तुटली, तर पुन्हा जोडून फक्त राहिलेले नंबर मागायचे. बास!

पुण्यातल्या प्रोग्रामचं नाव विजयानं ठेवलं, ठकू. "सांगितलं की जाते अन् घेऊन येते. आमच्या शेजारच्या ठकूमावशीसारखी."

*

पहिलं पान आलं तेव्हा आम्ही टाळ्या पिटल्या. सर धावत आले. पडद्यावर नुसते कंस आणि खुणांचा खच! मजकूर कुठेतरी मध्ये लपलेला.

सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "मासळी आणलीत, झकास. आता खवले कोण काढणार?"

मी तिथूनच नित्याला निरोप पाठवला, "खवले काढ!"

त्याचं उत्तर आलं, "शेवगाव नीट आहे ना?"

पण दोन दिवसांत ठकू स्वच्छ, नुसता मजकूर आणायला लागली.

*

घाईत एक चूक झाली होती. ठकूला आम्ही चॅटच्या खाजगी खोलीत न बसवता चव्हाट्यावर, सगळ्या जगाच्या खोलीत बसवलं होतं. एका दुपारी पाहतो, तर कुणी पठ्ठ्या ठकूशी बोलतोय! "कुठे राहतेस?" "काय शिकतेस?" "रागावलीस का?"

ठकूकडे असल्या सगळ्याला एकच उत्तर होतं. "हा पत्ता सापडत नाही."

पाऊण तास हे चाललं होतं. शेवटी त्यानं लिहिलं होतं, "तुझ्यासारखी मोजकं बोलणारी मुलगी आजवर भेटली नाही."

विजया म्हणाली, "ठकूचं जमलं बाई. आता आपलं बघा!"

*

आणि आता नारळ! खंडेनवमीला माणूस आपापली हत्यारं पुजतो. नित्याच्या लॅबमध्ये मामा म्हणून जुने शिपाई होते. "कॉम्प्युटर बंद करू नका," एवढं त्यांना बजावून नित्या गावी गेला. मामांनी शब्द पाळला. मशीन चालूच ठेवून त्यांनी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि नारळ ठेवला. नेमका एंटरच्या बटणावर!

एंटर दाबलं की शेवटचं पान पुन्हा पाठवायचं, अशी सोय नित्यानंच करून ठेवली होती. नारळाला दम कुठला? ठकू इतक्या वेगानं तेच पान ओकत सुटली, की चॅटवाल्यांनी तिला धुडगूस घालते म्हणून हाकलून दिलं.

आम्हाला कारण कळेना. नित्या परत आला आणि त्याचा निरोप आला, "व्हायरस नाही. नारळ आहे."

त्या दिवशी ठकूला खाजगी खोली मिळाली आणि नित्यानं एंटरची सोय काढून टाकली.

*

पाडव्याला चार दिवस उरले. खाली दुकानात दगडूतात्या कांद्याची पात घेऊन आले होते. शेंडे वाळलेले, मधे डाग. अण्णांनी एक नजर टाकली. "किडा हाय. ही बाटली मारा." मग जिन्याकडे बघून मोठ्यानं, "का वरच्या ठकूला इचारायचं?"

मी चार पायऱ्या एकदम उतरलो. "विचाराच!"

तात्या बाटलीसकट वर आले. त्यांच्या मागे आणखी पाच-सहाजण, आणि गंमत बघायला अण्णा. खाली दुकानात गिऱ्हाइकं होतीच. मी कांद्याच्या रोगांच्या पानाचा पत्ता धाडला आणि ठकू ते आणायला लागली. विजया एकेक पोतं मराठीत वाचून दाखवू लागली. सहावं आलं आणि लाईन तुटली. खाली कुणीतरी फोन उचलला होता!

अण्णा खुशीत म्हणाले, "झालं?"

मी पुन्हा जोडलं. सातवं आलं! अण्णांचं हसू जरा आखडलं. नवव्यानंतर पुन्हा तुटलं, पुन्हा जोडलं, दहावं आलं. तात्या खुर्चीच्या पार टोकावर सरकले होते.

अकरावं वाचताना विजया थांबली. तिनं पात हातात घेऊन उजेडात धरली. "तात्या, डाग जांभळे आहेत. यात लिहिलंय, जांभळा डाग असेल तर तो किडा नव्हे, बुरशी. किड्याचं औषध मारून उपयोग नाही."

तात्यांनी हातातली बाटली बघितली, मग अण्णांकडे बघितलं. अण्णांनी छताकडे बघितलं.

"मग मारायचं काय?" तात्यांनी विचारलं.

"ते बाराव्यात आहे," विजया म्हणाली.

आणि लाईन तुटली!

"आरं, कोन हाय त्यो खाली?" सगळे एकदम ओरडले. तात्या उठले, पण त्यांच्याही आधी अण्णा जिन्यावर होते! धडधडत खाली उतरल्याचा आवाज आला. मग कुणाच्या तरी हातातून रिसीव्हर हिसकावून आपटल्याचा.

"अहो जावईबापू, एकच फोन करतो की," दिवाळीचं बोलावणं घेऊन आलेल्या अण्णांच्या सासऱ्यांचा आवाज आला.

"मामा, हात न्हाई लावायचा!" अण्णा खालून गरजले. "वर ठकू बोलतीय!"